बिनकामाचे फोटो

आमच्या धंद्यात फोटो म्हणजे दोन कान. दोन्ही कान दिसले, डोळे उघडे असले, मागचा पडदा पांढरा असला आणि माणूस हसत नसला की फोटो पास. केदारखेड्याच्या थोडं अलीकडे, भोकरदनच्या रस्त्याला लागून आमचं गाव आहे आणि स्टँडसमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज, पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे बॅनर, सगळं एकाच टेबलावर होतं. गावातला जवळजवळ प्रत्येक चेहरा माझ्या कॉम्प्युटरात आहे आणि त्यातला एकही हसत नाही. माझ्याविषयी एवढं पुरे. सांगायचं आहे ते प्रयागबाईंविषयी. त्यांनी माझ्याकडून इतके फोटो छापून घेतले, पण दोन कान दिसतील असा एकही आणला नाही.

प्रयागबाई आमच्या अंगणवाडीच्या सेविका. सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं, त्यांचा नवराही बाईच म्हणायचा. ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला, पायात मुलाने टाकून दिलेले खेळाचे बूट. आयुष्यभर चार वर्षांच्या मुलांशी बोलत आल्यामुळे त्यांना दुसऱ्या कुठल्या सुरात बोलताच येत नसे. एसटीच्या कंडक्टरने सुटे दिले की त्या 'शाब्बास' म्हणायच्या. सरपंच ग्रामसभेत वेळेवर आले की 'शाब्बास'. मी एकदा त्यांच्या फोटोचा कोपरा न दुमडता लॅमिनेशन करून दिलं, तेव्हा मलाही मिळाली होती. चाळिशी उलटलेल्या माणसाला शाब्बास मिळाली की काय करावं ते कळत नाही. मी दिवसभर बऱ्यापैकी खुशीत होतो हे मात्र खरं.

बाईंच्या हातात फोन आला तो सरकारी कामासाठी. अंगणवाडीत जे जे होईल त्याचा फोटो काढून वर पाठवायचा असा नियम आला. वजन केलं, फोटो. झाड लावलं, फोटो. खिचडी शिजली, फोटो. फोटोच्या खालच्या पट्टीत तारीख, वेळ आणि ठिकाण आपोआप उमटायचं, म्हणजे कुणी घरी बसून खिचडी शिजवल्याचं दाखवू नये. हात धुण्याच्या दिवशी रेंज गेली. फोटो जाईना, म्हणून बाईंनी पोरांना पुन्हा हात धुवायला लावले, पुन्हा फोटो काढला, तोही जाईना. संध्याकाळपर्यंत पोरांचे तळवे सुरकुतून गेले. त्या तुकडीतली पोरं आता शाळेत गेली आहेत, पण कुणी समोर फोन धरला की अजून आपोआप हात चोळायला लागतात. गणेशोत्सवातला त्यांचा एक ग्रुप फोटो माझ्याकडे आहे, त्यात सगळी व्यापाऱ्यांसारखी हात चोळत उभी आहेत.

मग बाई निवृत्त झाल्या. शाल, नारळ, दोघातिघांची भाषणं झाली आणि फोन परत द्यावा लागला. पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाने, संतोषने, नवा फोन पाठवला. तो घेऊन त्या थेट माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, यात तारीख-ठिकाणाची पट्टी दिसत नाही, चालू करून दे. मी म्हटलं, यात पट्टी नसते.

"म्हंजे हा फोटो कुठला, कधीचा, कोनालाच कळनार न्हाई?"

"नाही."

"आन् वर पाठवायचाबी न्हाई?"

"कुणाला पाठवणार, बाई? तुम्ही रिटायर झालात."

त्यांनी फोन उलटसुलट करून बघितला. "मंग हा बिनकामाचा फोटो झाला की रे, गजू," असं म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू शाळा लवकर सुटली. तिथल्या तिथे त्यांनी पहिला बिनकामाचा फोटो काढला. माझ्या काउंटरच्या काचेवर गिऱ्हाइकांच्या बोटांचे ठसे उमटले होते, त्यांचा. तिरपं ऊन पडलं होतं, त्यामुळे एकेक ठसा दिसत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी काच पुसून ठेवली, तर बाई येऊन म्हणाल्या, "पुसली व्हय? बरं झालं कालच काढून ठेवला."

बाईंना फोटोग्राफी कुणी शिकवली नव्हती. त्यांनी ती अंगणवाडीच्या तक्त्यांवरून स्वतःच बसवली. भिंतीवर जे तक्ते असतात, वर-खाली, आत-बाहेर, जवळ-लांब, लहान-मोठं, तोच त्यांचा अभ्यासक्रम. एक आठवडा नुसता वर-खाली. त्या आठवड्यात त्या फोन जमिनीवर टेकवून कोंबडीला जग कसं दिसतं ते काढायच्या, नाहीतर माळवदावर चढून अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या वरून काढायच्या. आत-बाहेरच्या आठवड्यात चाळणीतून, बांगडीतून, मच्छरदाणीतून आणि पाण्याने भरलेल्या परातीतून आभाळ काढलं. जवळ-लांबच्या आठवड्यात कापसाच्या बोंडाला फोन इतका जवळ नेला की ते बोंड आहे हे मला छापून झाल्यावरही कळलं नाही. मी शाई वाया गेली म्हणून दुसरी प्रत काढायला घेतली होती.

असले फोटो त्या रोज सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या. तोवर तिथे सकाळी गुलाबाची फुलं आणि चहाचे कप यायचे. बाईंचा फोटो आला की खाली एकच शब्द असायचा, 'ओळखा'. पहिले काही दिवस कुणी उत्तर दिलं नाही. मग एकदा काहीतरी काळं, केसाळ, चुण्याचुण्यांचं आलं. एक गट म्हणाला म्हशीचा कान, दुसरा म्हणाला जुनं घोंगडं. हे भांडण दुपारी पारावर गेलं, संध्याकाळी दूध डेअरीवर गेलं आणि दोन सख्ख्या भावांचं त्यावरून आठवडाभर बोलणं बंद होतं. म्हशीचाच कान होता. बाईंनी जिंकलेल्या भावाला ग्रुपवर जाहीर शाब्बास दिली, त्यामुळे हरलेला आणखीच दुखावला.

रंगांचे आठवडेही होते. अंगणवाडीत 'आज लाल' म्हणून एक दिवस असतो, त्या दिवशी पोरं लाल वस्तू घेऊन येतात. बाईंनी आख्खा आठवडा लाल केला. एसटी, टोमॅटो, सिलिंडर, कोंबड्याचा तुरा आणि आमच्या पंचायतीच्या जिन्यातला कोपरा, जिथे बरीच वर्षं सगळ्या पक्षांचे लोक मिळून पान थुंकत आले होते. खरं सांगतो, तो फोटो देखणा होता. खाली गडद, वर फिका होत गेलेला, मधून ओघळ, सूर्य मावळताना असतो तसा. पण सरपंचांना वाटलं ही तक्रार आहे. विरोधकांनाही वाटलं ही तक्रार आहे, आणि त्यांनी तो फोटो पुढे पाठवायला सुरुवात केली. सरपंच फोन करून म्हणाले, बाई, काही असेल तर तोंडावर बोला, असं वरपर्यंत कशाला? बाई म्हणाल्या, वर नाही पाठवला हो, बिनकामाचा आहे. त्यावर सरपंचांचा विश्वास बसेना. दोन दिवसांत माणूस लावून जिना घासला आणि कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरा रंग दिला. गावात सगळे बाईंचं कौतुक करत होते आणि बाई जिन्यात उभ्या राहून हळहळत होत्या.

"येवढा चांगला लाल होता. कामून घालवला?"

त्यांना तसा लाल पुन्हा मिळायला फार दिवस थांबावं लागलं नाही, ते वेगळं.

स्टँडच्या पलीकडे रशीदभाईंचं मोटरसायकलचं गॅरेज आहे. तिथे दुरुस्तीला आलेल्या गाड्यांचे आरसे हे बाईंचं आवडतं ठिकाण. एका आरशात पिंपळ, दुसऱ्यात रशीदभाईंची दाढी, तिसऱ्यात रस्त्याने जाणारी ट्रॉली, असं सगळं एका फोटोत घ्यायच्या. गिऱ्हाइकं गाडी न्यायला आली की आरसे भलतीकडे वळलेले असायचे. रशीदभाई कधी वैतागले नाहीत, कारण त्यांच्या तिन्ही पोरी बाईंच्या हाताखालून गेल्या होत्या. एकदा बाईंचा हात हलतो हे बघून त्यांनी सायकलच्या जुन्या फोर्कला तीन गज वेल्ड करून फोन ठेवायचं स्टँड बनवून दिलं. "बाई, आता बिलकुल हलनार न्हाई. भूकंप आला तरी फोटो सीधा," असं म्हणाले. ते खरंच हललं नाही, कारण ते बाईंना उचलायलाच येत नव्हतं. शेवटी ते त्यांच्या ओट्यावर एका जागी कायमचं ठेवलं. मग बाईंनी नवाच नाद काढला. रोज दुपारी चहाच्या वेळेला त्याच जागेवरून समोरचा तोच कडुलिंब काढायचा. मी विचारलं, रोज तेच झाड काढून काय मिळतं? त्या म्हणाल्या, पोरंबी रोज तीच येत होती की रे.

आता त्यांच्या नवऱ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं.

सांडूअण्णा उंच, हाडकुळे, जाड भिंगाचा चष्मा काळ्या दोरीने मानेत अडकवलेला. दोन म्हशी आणि घरची शेती. बोलणं कमी, आणि जे बोलतील त्यावर पुढे काही बोलायला जागा राहत नसे. अण्णा फोटो काढू द्यायचे नाहीत. त्यामागे विचार होता. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर ओळीने वडील, आई आणि थोरला भाऊ आहेत, तिघांना चंदनाच्या चकत्यांचे हार. थोरल्या भावाने राजूरच्या जत्रेत विमानाच्या पडद्यासमोर हौसेने फोटो काढला आणि पुढच्या दिवाळीला तो त्याच फोटोतून भिंतीवर गेला. तेव्हापासून अण्णांचा हिशेब पक्का होता. भिंतीवर ज्याचा फोटो आहे त्याला हार आहे. हाराच्या आधी फोटो यावा लागतो. मग फोटो कशाला येऊ द्यायचा?

मी एकदा म्हटलं, अण्णा, तुमचा आधार कार्डाला फोटो काढला तेव्हा काही झालं नाही. त्यात ते एखाद्या गुन्ह्यात सापडल्यासारखे दिसतात, पण दोन्ही कान आहेत. अण्णा म्हणाले, "तो कामाचा. कामाच्या फोटोला काई होत न्हाई. बिनकामाचा काढला की वरच्याच्या ध्यानात येतं."

म्हणजे घरात एकच शब्द होता आणि नवराबायको त्याची दोन टोकं धरून बसले होते. बाईंनी फोन वर केला की अण्णा सवयीने पाठ फिरवायचे, चालता चालता, जेवता जेवता, म्हशीची धार काढतानासुद्धा. त्यामुळे सांडूअण्णांची पाठ माझ्याकडे इतक्या वेळा छापली गेली आहे की गर्दीत मी त्यांना मागून आधी ओळखतो. बाकी त्यांच्या आजूबाजूचं सगळं बाईंनी काढून घेतलं होतं. खुंटीवरची टोपी. उठून गेल्यावर बाजेवर राहिलेला खोलगट भाग. तंबाखू मळणारा अंगठा. बशीतून चहा पिऊन झाल्यावर बशीत उरलेलं गोल. हे सगळे फोटो बाईंनी माझ्या काउंटरवर एकदा पत्ते मांडतात तसे मांडले. मधली जागा मोकळी सोडली होती.

"सगळ्या गावाचे काढले, गजू. येवढं एक तोंड राह्यलं."

मी म्हटलं, झोपेत काढा. रोज दुपारी बाजेवर झोपतात, त्यात काय अवघड आहे? बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाचा डबा उघडून खाल्ला होता.

"चोरून काढला तर तो माझा झाला. त्याहिनं दिला तर त्याहिचा. मला त्याहिचा पाह्यजे."

त्यांना तो खरंच हवा होता. गंमत म्हणून नाही, हट्ट म्हणूनही नाही. त्यांचं वय झालं होतं, अण्णांचं त्याहून जास्त झालं होतं, आणि दोघांपैकी कुणी आधी गेलं तरी दुसऱ्याकडे बघायला आधार कार्ड उरणार होतं. त्या हे बोलल्या नाहीत. मधली मोकळी जागा मात्र तशीच ठेवून त्यांनी बाकीचे फोटो गोळा केले.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी बाईंना दम लागायला लागला. ओट्यावरून लिंबाचा फोटो काढून झाला की तिथेच बसून राहायच्या. संतोष आला, त्यांना संभाजीनगरला घेऊन गेला, तपासण्या झाल्या आणि हृदयाची झडप बदलायची असं ठरलं. ऑपरेशनला जायच्या आधी चार दिवस त्या घरी आल्या. अण्णांना सोबत जाता येत नव्हतं. एक म्हैस व्यायला झाली होती, आणि दवाखान्यात फार माणसांना थांबू देत नव्हते. बाईंनी त्या दिवसांत अण्णांना एकदा शेवटचं विचारलं. अण्णांनी पाठ फिरवली नाही, पण मान हलवली. नको.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दुकानात आले. खांद्यावरच्या पंच्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. दुकानातलं गिऱ्हाईक जाईपर्यंत ते लॅमिनेशनच्या मशीनकडे बघत उभे राहिले. मग पंचा सोडला. आत बाईंचा फोन होता.

"बाईचा फोटो काढायचाय. कसा काढत्यात सांग."

मी उडालोच. म्हटलं, अण्णा, तुमचा तर बिनकामाच्या फोटोला विरोध.

"बिनकामाचा कुठाय? कामाचा हाये. ती तिकडं, म्या इकडं. मला बघाया लागल."

मला प्रिंटरमध्ये कागद आहे का ते बघावंसं वाटलं. होता. तरी मी तो काढून परत भरला. मग अण्णांना समजावून सांगितलं, इथे दाबलं की कॅमेरा, इथे हे पांढरं गोल दाबलं की फोटो. उजेड बाईंच्या तोंडावर पाहिजे, तुमच्या नाही, म्हणून बाईंना ओट्यावर उन्हात बसवा आणि तुम्ही दारात उभे राहा. अण्णांनी सगळं दोनदा म्हणून दाखवलं. मी चुकून 'शाब्बास' म्हणालो. ते रागावले नाहीत.

पुढे काय झालं ते बाईंनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. जीप यायच्या आधी त्या एकट्याच चालत दुकानात आल्या, मधे दोनदा बसून. दम लागला होता आणि हसूही आवरत नव्हतं. अण्णांनी त्यांना उन्हात बसवलं. हात मांडीवर ठेवायला लावले. मान थोडी इकडे, थोडी तिकडे. मग दारात उभं राहून फोन धरला आणि आयुष्यभर बाईंकडून ऐकलेली वाक्यं एकामागून एक बाईंनाच ऐकवली. हालू नको. समोर बघ. शाब्बास. फोन धरता धरता त्यांचा अंगठा कुठेतरी लागून कॅमेरा उलटा फिरला होता, म्हणजे समोरच्याचा न काढता धरणाऱ्याचाच फोटो काढणारा. अण्णांना ते कळायचं काही कारण नव्हतं, कारण ते फोनमध्ये बघतच नव्हते. फोनच्या वरून बाईंकडे बघत होते. आणि पांढऱ्या गोलावरून त्यांनी बोट उचललंच नाही, त्यामुळे फोन फोटो काढत सुटला. अण्णांनी तो मोठ्या समाधानाने बाईंच्या हातात दिला आणि विचारलं, कसा आला? बाईंनी बघितलं. म्हणाल्या, चांगला आला.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यात सांडूअण्णा होते. समोरून. पुरतं तोंड, उंचावलेल्या भुवया, थोडं उघडं राहिलेलं तोंड, जाड चष्मा आणि दोन्ही कान. एकामागून एक, नुसते अण्णा.

"म्या न्हाई काढला," बाई म्हणाल्या. "चोरून न्हाई. त्याहिनं सोताच्या हातानं काढून मला दिला."

त्यांना मोठा छापून, फ्रेम करून पाहिजे होता. परत आल्यावर त्या स्वतः अण्णांना दाखवणार होत्या, तोवर माझ्या खणात ठेवायचा. अण्णांनी मागितलाच तर छापायचा राहिलाय म्हणायचं, खरं सांगायचं नाही, नाहीतर ते काढलेलं सगळं पुसायला लावतील. मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला. फोटो खरंच चांगला होता, एकच खोट होती. चष्म्याच्या दोन्ही काचांवर चमक आली होती. आमच्या धंद्यात चष्म्यातली चमक म्हणजे फोटो नापास. मी म्हटलं, बाई, फोटो एक नंबर आहे, एवढी चमक काढून टाकतो, मिनिटाचं काम आहे.

"चमक ऱ्हाऊ दे."

"डोळे नीट दिसत नाहीत, बाई."

"ऱ्हाऊ दे म्हनलं ना. हात लावू नको तिला."

मी हात लावला नाही. बाई शाब्बास म्हणाल्या आणि निघाल्या.

जीप त्यांच्या दारातून सुटली तेव्हा आम्ही पाचसहा जण निरोपाला होतो. बाई खिडकीशी बसल्या. गाडी चालू झाल्याबरोबर अण्णांनी सवयीने पाठ फिरवली, आता बाई फोन काढणार म्हणून. बाईंनी फोन काढला नाही. तो पिशवीतच होता. त्या नुसत्या त्या पाठीकडे बघत हसत होत्या, आणि जीप वळणावरून गेली तरी अण्णा तसेच लिंबाकडे तोंड करून उभे होते. मी त्यांना सांगितलं की गाडी गेली, तेव्हा वळले.

ऑपरेशन झालं. नीट झालं असंच संतोषने फोनवर सांगितलं होतं. नंतर काय बिघडलं ते त्यालाही धड कळलं नाही. बाई परत आल्या त्या ॲम्ब्युलन्समधून.

श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी फोटो शोधायला संतोष बाईंचा फोन घेऊन माझ्याकडे आला. आम्ही दोघांनी तो वरपासून खालपर्यंत बघितला. एकामागून एक अण्णा, चाळणीतून आभाळ, म्हशीचे कान, गावातल्या प्रत्येकाचे हात, चपला, सावल्या, आणि लिंब, लिंब, लिंब. बाई कुठेच नव्हत्या. शेवटी त्यांच्या अंगणवाडीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला. दोन कान, पांढरा पडदा. असे बॅनर मी खूप बनवले आहेत, पण त्या दिवशी माझ्याच्याने अक्षरं सरळ बसेनात. मला रडू येत होतं आणि दुकानात आधार अपडेटवाले उभे होते.

दहाव्यानंतर अण्णा आले. काउंटरला टेकून म्हणाले, "म्या काढलेला फोटो दे. बाईचा."

आता त्यांना काय सांगणार? मी खण उघडून फ्रेम काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. अण्णांनी बघितलं.

"हा तर म्याच हाये."

मी झालेला प्रकार सांगितला. कॅमेरा उलटा फिरला होता, सगळे फोटो असेच आहेत, बाईंचा एकही आला नाही. अण्णांनी बोटाने फ्रेमची काच पुसली, परत पुसली.

"चष्म्यात काय हाये?"

"चमक आहे, अण्णा. मी काढणार होतो, बाई नको म्हणाल्या."

"मोठं कर."

मी कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला आणि उजव्या काचेवर नेऊन मोठा केला. आणखी मोठा केला. चमकीला कडा यायला लागल्या. आधी दाराची चौकट दिसली, मग ओट्याची कड, मग उन्हात मांडीवर हात ठेवून बसलेली एक ठेंगणी बाई, मान थोडी एका बाजूला. नाकडोळे काही कळत नव्हते. डाव्या काचेतही तीच होती. पायात खेळाचे बूट होते.

"चमक न्हाई ती," अण्णा म्हणाले.

मग दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं की सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळी ये.

फोटो अण्णांनी स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावला, थोरल्या भावाच्या शेजारी. मी म्हटलं, अण्णा, त्या ओळीत नको, तोंड तुमचं आहे, लोक काय म्हणतील? ते म्हणाले, "ती भितीवर गेली ना? मंग तिचा फोटो भितीवर."

तेरवीला घर भरलं होतं. बाईंचा ओळखपत्रावरचा फोटो खुर्चीवर होता आणि हारांखाली दिसेनासा झाला होता. राजूरकडून बाईंचे एक म्हातारे मामा आले होते, त्यांना दिसत कमी होतं. ते झेंडूचा ताजा हार घेऊन उभे राहिले. खुर्चीवर जागा नव्हती. त्यांनी भिंतीकडे बघितलं. वडिलांना हार, आईला हार, भावाला हार, आणि ओळीतल्या शेवटच्या माणसाला काहीच नाही. त्यांना तो घरच्यांचा हलगर्जीपणा वाटला असावा. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी टाचा उंचावून त्या फोटोला हार घातला, हात जोडले, डोळे मिटले आणि वळले. फोटोच्या बरोबर खाली सतरंजीवर सांडूअण्णा बसले होते.

मामा एकदा खाली बघत होते, एकदा वर. रशीदभाईंनी टोपी सारखी केली. संतोषची बायको हार काढायला धावली.

ज्या हाराला घाबरून सांडूअण्णांनी आयुष्यभर सगळ्यांकडे पाठ केली होती, त्याच्याकडे ते मान वर करून बघत होते. चष्मा दोरीसकट कपाळावर सरकवला, परत खाली घेतला आणि नीट निरखून बघितलं.

"काढू नको, ऱ्हाऊ दे," ते सुनेला म्हणाले. "जरा खाली घे. चष्मा झाकून राह्यला."